खाज, केसपेपर आणि रांगेचं गणित

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळच्या चहाआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारली जाते. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. पाऊस उघडला तरी पाणी लगेच उतरत नाही, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. येणारं पाणी आणि पुढे जाणारं पाणी यांतला फरक रोज साठत गेलेला असतो. कातडीच्या डॉक्टरांच्या ओपीडीतली गर्दीही याच हिशोबाने चढते आणि उतरते.

समजा, एखाद्या ठिकाणी रोज 100 रुग्ण येतात आणि 90 जणांनाच नीट तपासता येतं. महिन्याच्या 25 कामाच्या दिवसांत 250 जणांचा अनुशेष तयार झाला. मग एका रविवारी मोठं शिबिर होतं, बाहेरून डॉक्टर येतात, 250 जण तपासून होतात, पेपरात फोटो छापून येतो. पुढच्या महिन्याअखेरीस पुन्हा 250. शिबिर वाईट नव्हे, पण त्याने साठा उपसला जातो आणि रोजची 10 जणांची तूट तशीच राहते.

सरकारी ओपीडीत हा अनुशेष डोळ्यांना दिसतही नाही. केसपेपर काढलेल्या माणसाला सहसा परत पाठवत नाहीत. त्यामुळे कात्री लागते ती तपासणीच्या मिनिटांना. गर्दी जितकी जास्त तितकं बोलणं कमी. ‘हे मलम कुठवर लावायचं, किती दिवस लावायचं, घरच्यांनी काय करायचं’ हे सांगायचं राहून जातं, आणि तोच माणूस पंधरा दिवसांनी पुन्हा रांगेत उभा राहतो.

रांगेचं शास्त्र जन्मलं टेलिफोनच्या तारांमध्ये. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अॅग्नर एरलँग यांनी 1909 साली फोन कसे यदृच्छेने येतात याचं गणित मांडलं, आणि त्यातूनच पुढे रांगांचा अभ्यास उभा राहिला. त्यातलं सर्वांत साधं प्रारूप घ्या. डॉक्टर एकच, रुग्ण केव्हाही येतात, तपासायला सरासरी 5 मिनिटं, कुणाला कमी, कुणाला जास्त. डॉक्टर निम्मा वेळ कामात असतील तर सरासरी 5 मिनिटं थांबावं लागतं. 80 टक्के वेळ कामात असतील तर 20 मिनिटं, 90 टक्के असतील तर 45, आणि 95 टक्के असतील तर 95 मिनिटं! डॉक्टर एक क्षणही रिकामे बसू नयेत हा आग्रह कागदावर कार्यक्षम दिसतो, पण त्याची किंमत बाकावरचा रुग्ण मोजतो.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. 95 टक्क्यांवर चाललेल्या ओपीडीत दर 20 जणांमागे एकाच्या येण्याची गरज उरली नाही, तर वाट पाहणं 95 मिनिटांवरून साधारण 46 वर येतं. म्हणजे निम्मं. मग विचारायला हवं: हा विसावा माणूस कोण?

बहुतेकदा तो गजकर्णाचा जुना रुग्ण असतो. पावसात न वाळलेली कापडं, भातलावणीचा चिखल, तालमीतली अंगाला अंग घासणारी कुस्ती आणि एकमेकांचे टॉवेल. बुरशीला आणखी काय हवं? जांघेत खाज सुटते, लाज वाटते, मेडिकलमधून ट्यूब येते. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड असलं की दोन दिवसांत खाज आणि लाली कमी होते. बुरशी मात्र मरत नाही. स्टेरॉईडने त्वचेची प्रतिकारशक्ती दबलेली असते, त्यामुळे ती निवांत पसरते, आणि चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ‘खाजेची ट्यूब द्या’ हे वाक्य काउंटरवरून गेलेलं नाही. त्यात 2020 साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालेली बुरशी आपल्याकडे फार पसरली आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. उपचार लांबतात, फेऱ्या वाढतात.

दुसरी फेरी खरजेची. खरजेचा किडा पहिल्यांदा अंगावर आला की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे एकाला खाज सुटते तेव्हा घरातले बाकीचे ‘आम्हाला काही नाही’ म्हणत तो किडा बाळगून असतात. औषध एकालाच लावलं तर महिनाभरात सगळं घर ओपीडीत. एकाच दिवशी सगळ्यांनी मानेपासून तळव्यांपर्यंत लावायचं आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचं, हे सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं वाचवणं महागात पडतं.

गर्दीचा आकारही महत्त्वाचा. गगनबावड्याहून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात यायचं म्हणजे पन्नासेक किलोमीटर. सकाळची एसटी धरणारे सगळे एकदमच पोचतात, आणि सरासरी कितीही बरी असली तरी अशा झुंबडीत रांग फुगतेच. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट हे औषध घेणाऱ्यांसारखे ठरलेल्या तारखेला रक्त तपासून दाखवायला येणारे रुग्ण उशिराच्या वेळेला बोलावले, तर डॉक्टर न वाढवताही सकाळ हलकी होते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रांग सोडून जाणाऱ्यांची. खाज माणसाला बाकावर बसवून ठेवते. कुष्ठरोगाचा फिकट, बधिर चट्टा खाजत नाही, दुखत नाही. दोन तास झाले की तो माणूस शेवटची गाडी गाठतो. हा आजार मोफत मिळणाऱ्या औषधांनी सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो, पण उशीर झाला तर नसांचं नुकसान भरून येईलच असं नाही. म्हणून केसपेपरच्या खिडकीशेजारी एक जाणती सिस्टर बसवावी. तिने दोनच गोष्टी विचाराव्यात: चट्ट्यावर स्पर्श कळतो का? आणि नवं औषध सुरू केल्यावर ताप, अंगावर फोड किंवा तोंडात जखमा आल्या आहेत का? स्पर्श कळत नसेल त्याला रांगेत पुढे घ्यायचं, ताप-फोड-जखमा असतील त्याला थेट अपघात विभागात न्यायचं. डॉक्टरच्या एका जादा पदाइतकंच मोल मी या खुर्चीला देईन.

फोटो पाठवून सल्ला घेण्याची सोय त्वचारोगात इतर शाखांपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण आजार दिसतो. ई-संजीवनीसारख्या सरकारी सेवेमुळे मुरुम किंवा जुन्या इसबाच्या काही फेऱ्या वाचू शकतात. फोटो दिवसाच्या उजेडात, एक लांबून आणि एक जवळून काढावा. बधिरपणा मात्र फोटोत उमटत नाही, तिथे हातच लावावा लागतो. आणि प्रत्यक्ष जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत टाकून न्याव्यात, संपलेल्यासुद्धा. ‘पांढरी ट्यूब होती, वर निळी पट्टी’ एवढ्यावरून औषध शोधण्यात डॉक्टरांची निम्मी तपासणी खर्च होते.