कुंडीतला पानओवा आणि ट्यूबमधला पानओवा

"पानओव्यापासून शुगरच्या जखमेवर औषध निघालंय म्हणे. आमच्या गॅलरीत कुंडीभर आहे, तोच वाटून लावला तर?" आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न अधूनमधून येतोच. विचारणारा बहुतेक वेळा स्वतःसाठी विचारत नाही. घरी आई असते, सासरे असतात, पायाला महिनाभर न भरणारी जखम असते आणि आशा असते. म्हणून या प्रश्नाचं उत्तर नुसतं "नको" असं देऊन भागत नाही. औषध निघालं आहे, ही गोष्ट खरी आहे. कुंडीतला पाला म्हणजे ते औषध नव्हे, हेही तितकंच खरं आहे.

आधी ट्यूबचं सांगते. तैवानच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये मधुमेहींच्या पायाच्या जखमेसाठी एका मलमाला मान्यता दिली. बाजारातलं त्याचं नाव फेस्पिक्सॉन, संशोधनातलं ओएन-१०१. त्यात दोन वनस्पतींचे अर्क आहेत. एक आपला पानओवा, ज्याच्या पानांची आपण भजी करतो; सोलापुरातल्या तेलुगू घरांत त्याला वामाकू म्हणतात, कन्नड घरांत दोड्डपत्रे. दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी, जी नर्सरीत बऱ्याचदा ब्राह्मी म्हणूनच विकली जाते. मलमात हे दोन्ही अर्क मिळून फक्त सव्वा टक्का आहेत, तेही एकास चार या ठरलेल्या प्रमाणात. पान वाटून गाळलेला हा रस नव्हे. पानातल्या शेकडो घटकांतून ठरावीक भाग वेगळा काढलेला आहे, आणि प्रत्येक ट्यूबमध्ये तो तेवढाच असतो.

हे मलम नेमकं काय करतं, ते समजून घेण्यासारखं आहे. जखम झाली की शरीरातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिथे गोळा होतात. सुरुवातीला त्या पाडकाम करणाऱ्या मजुरांसारख्या वागतात: जंतू मारायचे, मेलेलं मांस उचलायचं. काही दिवसांनी त्यांनीच रूप बदलून बांधकामाला लागायचं असतं. मधुमेहात हा बदल अडतो. पाडकाम चालूच राहतं, सूज उतरत नाही, नवीन मांस धरत नाही. ओएन-१०१ मधला पानओव्याचा अर्क पहिल्या प्रकारच्या पेशींना आवरतो आणि मंडूकपर्णीचा अर्क दुसऱ्या प्रकाराला चालना देतो, अशी त्यामागची मांडणी आहे.

त्याची चाचणी तैवान, चीन आणि अमेरिकेतल्या २३६ रुग्णांवर झाली. १६ आठवड्यांत मलम लावलेल्यांपैकी ६०.७ टक्के लोकांची जखम पूर्ण भरली, तर नुसतं शोषक ड्रेसिंग केलेल्यांपैकी ३५.१ टक्के लोकांची. फरक मोठा आहे. पण त्या चाचणीत कुणाच्या जखमा घेतल्या होत्या, तेही पाहायला हवं. त्या हाडापर्यंत गेलेल्या नव्हत्या, पायाला पुरेसा रक्तपुरवठा होता, मेलेलं मांस आधी काढून टाकलेलं होतं, आणि रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली होते. एवढं सगळं असूनही मलम लावलेल्या दहांपैकी जवळपास चार जणांची जखम त्या मुदतीत भरली नाही. एवढ्या शिस्तीत वापरलेल्या औषधाचा हा निकाल असेल, तर पाट्यावर वाटलेल्या पाल्याकडून किती अपेक्षा ठेवायची?

आता कुंडीकडे येऊ. पानओव्याचा जो उग्र वास येतो तो त्यातल्या तेलाचा. उघड्या मांसावर ते तेल झोंबतं. निरोगी माणूस "आई गं" म्हणून हात मागे घेईल. ज्याच्या पायाच्या नसा साखरेने बधिर झाल्या आहेत त्याला काहीच कळणार नाही. त्यात पानावर कुंडीतली माती, मातीत शेणखत. धनुर्वाताचे जंतू राहतात ते अशाच ठिकाणी. पान धुतलं तरी पाटा आणि हात राहतातच. शिवाय पानात गुणकारी घटक किती, हे रोपावर, पाण्यावर, ऋतूवर ठरतं. एप्रिलमधल्या सोलापुरी उन्हात सुकलेलं पान आणि श्रावणातलं लुसलुशीत पान एकसारखं नसतं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती लेपाची. लेप वाळला की खपली धरल्यासारखी दिसते, घरच्यांना वाटतं जखम भरत आली. आत पू साचत असतो. हळदीचं तर विचारूच नका. पिवळ्या थराखाली लाली पसरतेय की नाही हे डॉक्टरलाही आधी सगळं धुऊन काढल्याशिवाय दिसत नाही.

"पण शेतात विळा लागला की आम्ही दगडीपाला चोळतो आणि जखम भरते." भरते, खरंच भरते. धडधाकट माणसाची स्वच्छ, उथळ जखम तशीही भरणारच असते. मधुमेही पायाची जखम ही वेगळीच गोष्ट आहे: बधिर नसा, अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या, आणि त्याच जागेवर रोज पडणारा शरीराचा भार. आपल्या परंपरेलाही हे माहीत होतं. मधुमेही माणसाच्या जखमा कष्टाने भरतात, हे सुश्रुतसंहितेत स्पष्ट सांगितलं आहे, आणि जखम भरून आणण्याआधी ती शुद्ध करावी, हा क्रमही तिथेच आहे. आपण शुद्ध करण्याची पायरी सोडतो आणि थेट पाल्यावर येतो.

मधुमेही उंदरांवर एखाद्या पाल्याचा गुण दिसला, अशा बातम्याही सतत येत असतात. त्या वाचताना एवढं लक्षात ठेवावं की उंदराची सैल कातडी आकसून जखम मिटवते. माणसाच्या तळव्याला ती सोय नाही, तिथे नवीन मांस आणि नवीन त्वचा तयार व्हावी लागते.

हळदीच्या पेटंटचा दाखला तर अनेकजण अभिमानाने देतात. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच ती लढाई होती. पण ते रद्द झालं ते हा वापर आपल्याकडे जुनाच आहे, नवा शोध नाही, या कारणाने. हळदीने मधुमेही पायाची जखम भरते, असा निकाल कुणी दिलेला नाही.

झाडांच्या ओळखीतही घोटाळे होतात. रेल्वेमार्गाच्या कडेला, माळावर, बांधावर लांब काटेरी पात्यांची घायपात उभी असते आणि तिला कोरफड समजून कापून आणणारे आहेत. घायपाताच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. धडधाकट कातडीचीही त्याने आग होते.

बाटलीतलं किंवा डबीतलं 'हर्बल' मलम कुंडीतला पाला आणि चाचणी झालेली ट्यूब यांच्या मधे कुठेतरी बसतं. जात्यादी तेलासारखी शास्त्रोक्त औषधं ग्रंथातल्या पाठानुसार बनतात, त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षारही असतो, आणि कोणत्या जखमेला कधी लावायचं हे पायाला हात लावून पाहणाऱ्या वैद्याने ठरवायचं असतं. डबीवर परवाना क्रमांक आहे याचा अर्थ ते बनवायची परवानगी आहे, एवढाच. मधुमेही पायावर त्याची चाचणी झाली आहे असा त्याचा अर्थ होत नाही. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०२३ च्या सूचनाही जखम भरण्यासाठी मध किंवा वनौषधींची ड्रेसिंग वापरू नका असंच सांगतात. तैवानच्या मलमामुळे पुढे हे चित्र बदलू शकतं, मला त्याची उत्सुकता आहे. पण ते बदलेल अशाच चाचण्यांनी.

आपल्या सोलापुरात पायाला धोका जागोजाग आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर अनवाणी चालणारे, पंढरीच्या वाटेवरचे वारकरी, मे महिन्यात तापलेल्या फरशीवर पाय ठेवणारे, दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायका. बधिर पायाला फोड आला तरी तो दिसेपर्यंत कळत नाही. म्हणून रोज रात्री तळवे पाहायचे; वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवायचा किंवा नातवाला पाहायला सांगायचं. गरम पाण्याचा शेक आणि गरम पोटीस अजिबात नको, आणि पाण्याचा गरमपणा पायाने नव्हे तर कोपराने पाहायचा.

जखम दिसलीच तर सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडी जाळी ठेवून हलकी पट्टी बांधा, त्या पायावर भार देणं बंद करा आणि एक-दोन दिवसांत दाखवा. बोट काळं पडलं, वास येतोय, लाली पसरतेय, ताप आला किंवा पाय गार लागतोय, यातलं काहीही असेल तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या सर्जनकडे जा, आणि जाण्याआधी पायाला काहीच फासू नका, म्हणजे जखम त्यांना जशी आहे तशी दिसेल.