स्टँड-अपची पंधरा मिनिटं आली कुठून?

सकाळच्या स्टँड-अपचं, म्हणजे टीमच्या रोजच्या उभ्याने होणाऱ्या छोट्या बैठकीचं, मूळ शोधत गेलं की वाट बोर्लंड कंपनीच्या एका स्प्रेडशीट सॉफ्टवेअरपाशी पोहोचते. विंडोजसाठी हे ‘क्वात्रो प्रो’ बनवणारी छोटी टीम जवळपास रोज एकत्र बसून काम जुळवून घ्यायची. सॉफ्टवेअर-संशोधक जेम्स कोप्लिएन यांनी १९९४ मध्ये तिच्या कामाचा अभ्यास मांडला. ईझल कॉर्पोरेशनमध्ये स्क्रमची, म्हणजे छोट्या टीमने छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीची, घडी बसवणाऱ्या जेफ सदरलँड यांनी रोजची बैठक त्यावरूनच उचलली. १९९५ मध्ये त्यांनी आणि केन श्वेबर यांनी स्क्रम जाहीरपणे मांडलं.

पुढे तीन प्रश्न रूढ झाले: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय? घोळ इथूनच सुरू झाला. आठ जणांनी दोन-दोन मिनिटं घेतली तरी सोळा होतात, आणि प्रत्येक जण मॅनेजरकडे बघून हजेरी दिल्यासारखं बोलतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत मनातल्या मनात स्वतःचं वाक्य जुळवत असतात. स्क्रम गाइड या स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेने २०१७ मध्ये हे प्रश्न नमुन्यापुरते ठेवले, २०२० मध्ये काढूनच टाकले. पंधरा मिनिटांची मर्यादा मात्र कायम आहे. बऱ्याच ऑफिसांत ही बातमी अजून पोहोचलेली दिसत नाही.

उभं राहण्यामागेही आधार आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बसून झालेल्या बैठका उभ्याने झालेल्यांपेक्षा ३४ टक्के लांबल्या, निर्णयांच्या दर्जात मात्र फरक पडला नाही. आता व्हिडिओ कॉलवर कोण उभं आहे, हे देव जाणे!

कानबान, म्हणजे प्रत्येक कामाचं कार्ड बोर्डावर डावीकडून उजवीकडे सरकवत नेण्याची पद्धत, वापरणाऱ्या टीमनी वेगळी वाट काढली. माणसांऐवजी बोर्डावरची कार्डं घ्यायची, तीही उजवीकडून, म्हणजे पूर्ण होत आलेलं काम आधी. नवं काम सुरू करण्यापेक्षा अर्धवट काम बाहेर काढणं यात सोपं जातं. दोन दिवस न हललेल्या कार्डावर थांबायचं, बाकीची भराभर पुढे. दोघांपुरता विषय निघाला की तो बोर्डाच्या कोपऱ्यात लिहायचा आणि बैठक संपल्यावर त्या दोघांनीच थांबायचं.

पुण्यातल्या टीमपुढे आणखी एक अडचण असते. न्यूयॉर्कचे सकाळचे साडेनऊ म्हणजे इथले उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, तिकडची घड्याळं नोव्हेंबरात मागे गेली की आठ. क्लायंटसमोरच्या त्या कॉललाच स्टँड-अप मानलं, तर अडलेलं काम उघडपणे कुणी बोलत नाही. म्हणून आपसातली पंधरा मिनिटं इथल्या सकाळी वेगळी ठेवावी लागतात, आणि संध्याकाळी फक्त क्लायंटकडून उत्तर हवं असलेले प्रश्न न्यावे लागतात.