स्टोरेज हीटर: आज रात्री भरा, उद्या संध्याकाळी ऊब घ्या

पुण्या-नाशकाहून इंग्लंडात आलेली मंडळी भाड्याचा फ्लॅट घेतात आणि भिंतीला टेकलेली जाडजूड पांढरी पेटी, म्हणजे रात्री ऊब साठवून दिवसा सोडणारा स्टोरेज हीटर, पाहून बुचकळ्यात पडतात. बटण दाबलं तरी ती तापत नाही, आणि मध्यरात्री सगळे झोपलेले असताना आपली आपण तापायला लागते. गेल्या हिवाळ्यात एका कुटुंबाचा आम्हाला फोन आला, "हीटर बिघडलाय, बदलून द्या." जाऊन पाहिलं तर हीटर ठणठणीत. फक्त दोन्ही नॉब शेवटपर्यंत फिरवून ठेवलेले. रात्री साठवलेली ऊब दुपारपर्यंतच निघून जायची, संध्याकाळी कामावरून आल्यावर घर गारठलेलं असायचं. मग सगळा हिवाळा फॅन हीटरवर निघाला. त्यांचं बिल बघून आम्हालाही वाईट वाटलं. घराची चावी देताना कुणी पाच मिनिटं समजावून सांगितलं असतं, तर ते पैसे वाचले असते. म्हणून हे पत्रक.

पेटीच्या आत काय असतं?

विटा. लोहयुक्त, काळपट आणि हातात घेतल्यावर दचकायला होईल इतक्या जड. त्यांच्यामध्ये तापणारी कॉइल आणि भोवती उष्णता अडवणारा जाड थर. आतल्या विटा सहाशे अंशांच्या पुढे तापतात, तरी बाहेरून पेटी फक्त गरम लागते. मे महिन्यातली गच्ची आठवा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरालाही ऊब सोडत असतो आणि खालच्या खोलीत झोप लागत नाही. तसंच हे, फक्त उन्हाऐवजी रात्रीची वीज. मोठा हीटर शंभर किलोच्या वर भरतो, तेव्हा सोफा बसवायला तो सरकवू नका.

रात्रीचीच वीज का?

त्या काळी कोळशाची आणि अणुऊर्जेची केंद्रं रात्री बंद करून सकाळी पुन्हा चालू करणं परवडत नव्हतं, आणि रात्री मागणी तर कमी. ती वीज खपावी म्हणून रात्रीचे सात तास स्वस्त देणारा 'इकॉनॉमी ७' हा दर १९७८ मध्ये आला. वेळ साधारण मध्यरात्रीपासून सकाळी सात-साडेसातपर्यंत, पण भागानुसार बदलते. इथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, पण काही मीटरची घड्याळं पुढे जात नाहीत, तिथे उन्हाळ्यात स्वस्त वेळ तासभर उशिरा सुरू होते. तुमची नेमकी वेळ वीज कंपनीला विचारून घ्या.

याची दुसरी बाजू बहुतेकांना कोणी सांगत नाही. या योजनेत दिवसाचा दर साध्या एकेरी दरापेक्षा जास्त असतो. समजा, रात्री युनिटला १५ पेन्स आणि दिवसा ३० पेन्स पडतात. दोन किलोवॅटचा फॅन हीटर संध्याकाळी चार तास चालला, तर आठ युनिटचे २ पौंड ४० पेन्स झाले. तेवढीच ऊब रात्री विटांत भरली असती, तर १ पौंड २० पेन्समध्ये काम झालं असतं. हीटर बंद ठेवून नुसती ही योजना चालू ठेवणं म्हणजे तोट्याचा सौदा.

दोन नॉब, दोन कामं

सगळा घोळ इथेच होतो. 'इनपुट' म्हणजे आज रात्री किती भरायचं. त्याचा संबंध उद्याशी. 'आउटपुट' (काहींवर 'बूस्ट' लिहिलेलं असतं) वरची झडप उघडतो, म्हणजे साठवलेली ऊब आत्ता किती सोडायची ते ठरवतो.

झोपण्यापूर्वी उद्याचं हवामान बघा आणि त्याप्रमाणे इनपुट लावा. आउटपुट मात्र रात्री एकदम कमी. सकाळी घराबाहेर पडतानाही कमीच, कारण थोडी ऊब पेटीच्या अंगावरून निघतच असते. संध्याकाळी घरी आल्यावर झडप उघडा. एवढी एकच सवय लावून घ्या, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. आज थंडी वाजली म्हणून आज इनपुट वाढवलं, तर उपयोग उद्याच होणार. २०१८ पासून आलेल्या नव्या हीटरमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असतं. त्यात तुमच्या वेळा भरल्या की बराचसा हिशेब हीटरच करतो.

गरम पाण्याची टाकी

आपल्याला गीझरची सवय. आंघोळीआधी पंधरा मिनिटं बटण चालू, मग बंद. इथल्या टाकीत बहुधा दोन कॉइल असतात. खालची रात्रीच्या स्वस्त विजेवर पूर्ण टाकी तापवते, तर वरची 'बूस्ट' कॉइल दिवसाच्या महाग दराने चालते. गीझरसारखं रोज बूस्ट दाबू नका. टाकीवरचं जाड आवरण नीट असेल, तर रात्रीचं पाणी संध्याकाळीही गरम मिळतं.

मीटर एकदा स्वतः तपासा

झोपण्यापूर्वी मीटरवरचे दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि सकाळी लवकर पुन्हा बघा. ज्या आकड्यात मोठी वाढ झाली, तो रात्रीचा. बिलात हे आकडे उलटसुलट लागलेले आम्ही पाहिले आहेत, आणि ते ग्राहकाच्या लक्षातच येत नाही. मीटरशेजारी रेडिओ टेलिस्विचची (रेडिओ सिग्नलवर स्वस्त-महाग दर बदलणारी) वेगळी पेटी असेल, तर वीज कंपनीला लगेच कळवा. तो रेडिओ सिग्नल ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात झाली. नवा मीटर बसल्यावर पहिल्या रात्री हीटर भरतो की नाही, ते जरूर बघा.

हीटरवर ओले कपडे, टॉवेल, पडदा काहीही टाकू नका. ऊब कोंडली तर आतला सुरक्षा कटआउट पडून हीटर बंद होतो, आणि आगीचा धोका असतो तो वेगळाच. उन्हाळ्यात भिंतीवरचा स्विच बंद करा. शरद ऋतूत पहिल्यांदा चालू केल्यावर धूळ जळल्याचा थोडा वास येतो, खिडकी उघडली की जातो. हीटर १९७० च्या दशकातला किंवा त्याआधीचा वाटला, तर त्याचं झाकण स्वतः उघडू नका. अशा काही हीटरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ श्वासातून जाणं घातक. घरमालकाला लेखी कळवा, आणि आम्हाला बोलावलंत तर आधी नुसतं बाहेरून पाहून सांगू.