ग्रीनस्टेडच्या चर्चमधलं ते भोक

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात ग्रीनस्टेड गावी सेंट अँड्र्यूजचं चिमुकलं अँग्लिकन चर्च आहे. त्याच्या लाकडी भिंतीत एक बारीकसं भोक आहे. कुष्ठरोग्यांना आत मज्जाव असल्यामुळे ते बाहेर उभे राहून त्यातून उपासना बघायचे, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

गोष्ट काळजाला भिडते, पण टिकत नाही. त्या काळी कुष्ठाश्रमांना बहुधा स्वतःची प्रार्थनाघरं असत. ग्रीनस्टेडचं भोक पवित्र पाण्याच्या भांड्याशी संबंधित असावं, हा खुलासा जास्त पटतो. आत शिरताना त्यात बोटं बुडवायची, एवढंच!

खरी नवलाई भिंतीतच आहे. ओकचे ओंडके उभे चिरून शेजारी शेजारी रोवलेत. बाहेरून गोलाई तशीच, आतून तासून सपाट. खालचा विटांचा ओटा मात्र 1848 च्या सुमाराच्या दुरुस्तीतला.

वयाचाही असाच घोळ. आधी इ. स. 845 च्या आसपासचं म्हणत. 1990 च्या दशकात लाकडातली वर्षवलयं मोजली, तेव्हा अकराव्या शतकाचा उत्तरार्ध निघाला. वय दोनशे वर्षांनी कमी झालं, तरी युरोपातल्या सर्वांत जुन्या लाकडी चर्चांत त्याची गणना होतेच.