कोयना-चांदोलीतले कोळी : नोंदींची पार्श्वभूमी

सातारा-सांगलीच्या पश्चिमेकडच्या जंगलांतल्या आठ पायांच्या कोळ्यांची जुनी यादी वाचताना नावांइतकेच लक्ष नमुना कोणत्या महिन्यात गोळा झाला याकडे द्यावे. यादीतल्या बऱ्याच रिकाम्या जागांचे कारण तिथे सापडते.

ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरील मालेत ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांचा अष्टपादांवरचा (कोळी, विंचू वगैरेंवरचा) खंड १९०० साली लंडनहून निघाला. तो मुख्यतः इतरांनी बाटल्यांतून पाठवलेल्या नमुन्यांवर बेतलेला होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे ग्रेव्हली मात्र १९१२ मध्ये स्वतः मेढ्याच्या वेण्णा खोऱ्यात आणि हेळवाकजवळ कोयनेकाठी हिंडले, तेही उन्हाळ्याच्या तोंडावर. १९१५ साली त्यांनी टॅरंट्युला या केसाळ, दणकट कोळ्यांच्या कुळातल्या एका जातीला ‘प्लेसिओफ्रिक्टस सॅटारेन्सिस’ हे नाव दिले. त्या ऋतूत हे कोळी हाती लागणे साहजिक आहे, कारण मादी वर्षानुवर्षे बिळात किंवा दगडाखाली राहते. नर प्रौढ झाला की बीळ सोडून मादीच्या शोधात निघतो आणि पुढे फार काळ जगत नाही.

जाळे विणणाऱ्यांचे गणित वेगळे. अंजनी-जांभळाच्या रानात वाटेवर आडवी सोनेरी जाळी बांधणारी नेफिला पिलिपेस पावसाळ्यात वाढते आणि गणपती ते दिवाळी या काळात ठळकपणे दिसते. मादीचे शरीर ३ ते ५ सेंमी, नराचे जेमतेम अर्धा सेंमी. नवख्याला नर हे तिचे पिल्लूच वाटते. अंडी घालायला मादी जाळे सोडून खाली येते, जमिनीत खड्डा करून त्यात पिशवी ठेवते आणि वर माती-पाचोळा ओढते. एप्रिलमध्ये त्याच वाटेवर तिचे मोठे जाळे क्वचितच भेटते. म्हणजे उन्हाळी फेरीत न दिसलेली जात ‘नाही’ म्हणून नोंदवणे चूकच.

पुढे प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या बी. के. टिकादार यांनी ही पोकळी बरीच भरली. महाबळेश्वरच्या नावाची टॅरंट्युला कुळातली जात त्यांनी १९७७ मध्ये वर्णन केली, आणि १९८० व १९८२ चे त्यांचे खंड अजून टेबलावर लागतात, जरी त्यातली कित्येक नावे आता बदलली आहेत. दरम्यान १९६०च्या दशकात कोयना खोऱ्याचा तळ शिवसागर जलाशयाखाली गेला. कोयना आणि चांदोली ही दोन्ही अभयारण्ये १९८५ मध्ये झाली, चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. तिथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही कोळी उचलता येत नाही.

पद्धतीनेही यादी वाकते. एक मीटर चौरस पांढरे कापड झुडपाखाली धरून फांदीवर काठी मारली की पानांवरचे कोळी पडतात, पण बिळातला एकही नाही. जमिनीवरच्यांसाठी पेला काठोकाठ मातीच्या पातळीला पुरतात. काठ जरा वर राहिला तरी कोळी वळसा घालून जातो. आत मिठाचे पाणी आणि साबणाचा थेंब. वर दोन-तीन सेंमी उंचीवर ताट हवेच, नाहीतर आषाढातला एक पाऊस पेला भरून सगळे वाहून नेतो. जाळे न विणता जमिनीवर शिकार करणाऱ्या लांडगा कोळ्यांसाठी रात्री कपाळावरची बॅटरी पुरते. डोळे हिरवट चमकतात, आणि पाठीवर पिल्ले घेतलेली मादी असेल तर तिला हात लावू नये.

नमुना ७० ते ७५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा, डीएनएसाठी ९५ टक्के. फॉर्मालिनने पाय ताठ होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्पर्शपाद (तोंडाजवळची पायासारखी लहान जोडी) नीट फिरवता येत नाहीत. जात मुख्यतः नराच्या स्पर्शपादावरून व मादीच्या जननांगावरून ठरते. त्यामुळे पावसाळ्यात ढिगाने मिळणारी पिल्ले बहुधा कुळापर्यंत किंवा प्रजातीपर्यंतच (जीनस, म्हणजे जातीच्या वरची पायरी) ओळखता येतात. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकावी. तिच्यावर तारीख, उंची, झाड आणि नेमके ठिकाण हवे. नुसते ‘कोयना खोरे’ लिहिलेला धरणाआधीचा नमुना पाण्याखालच्या उतारावरचा की वरच्या सड्यावरचा (खडकाळ पठारावरचा), हे आज कुणालाही सांगता येत नाही.