विंडो कुठे होती, हे नक्की कोण लक्षात ठेवतं?

सोलापुरात चाटी गल्लीतल्या एखाद्या कापड दुकानाचं काउंटर डोळ्यांसमोर आणा. स्क्रीनवर डावीकडे बिलिंगचं सॉफ्टवेअर, उजवीकडे ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल. रात्री शटर ओढताना सगळं मनासारखं लावलेलं असतं. सकाळी ब्राउझर कालच्याच जागी, कालच्याच आकारात उघडतो आणि बिलिंगची विंडो मात्र चिमुकली होऊन वरच्या कोपऱ्यात बसलेली असते. "काय बे, एवढंबी लक्षात राहत नाही का तुला?" मालक मॉनिटरवर खेकसतो.

पण मशीन एकच. मग एकाचं लक्षात राहतं आणि दुसऱ्याचं नाही, असं का?

कारण हे काम विंडोजने बहुतांशी स्वतःकडे घेतलेलंच नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी मागाच्या लक्षात नसते, ती जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या कार्डांत असते. कार्ड लावलं नाही तर माग नक्षी काढणार नाही. तसंच इथे. विंडोचा आकार कुठेतरी लिहून ठेवणं आणि पुढच्या वेळी तो वाचणं, ही दोन्ही कामं त्या-त्या प्रोग्रामने करायची असतात. ज्याने केलं नाही, त्याला विंडोज स्वतःच्या मर्जीने जागा देतं. म्हणूनच अशी प्रत्येक नवी विंडो आधीच्या विंडोपेक्षा जराशी खाली, जराशी उजवीकडे सरकून उघडते.

लिहायचे असतात चारच आकडे: डावी, वरची, उजवी आणि खालची कड, पिक्सेलमध्ये. जोडीला विंडो मॅक्सिमाइझ केलेली होती का, ही नोंद. कुणी हे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत ठेवतं, कुणी साध्या फाइलमध्ये. यात अवघड ते काय, असं वाटेल. पण खरी गंमत पुढेच आहे.

मिनिमाइझ केलेली विंडो जाते कुठे? ती टास्कबारमध्ये शिरली असं आपल्याला दिसतं. प्रत्यक्षात विंडोज तिला उणे 32000, उणे 32000 अशा जागी नेऊन ठेवतं, म्हणजे स्क्रीनच्या कितीतरी बाहेर. आता एखाद्या घाईत लिहिलेल्या प्रोग्रामने बंद होताना 'मी आत्ता कुठे आहे?' एवढंच विचारून उत्तर जपून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी तो इमानेइतबारे उणे 32000 वरच उघडतो. टास्कबारवर चिन्ह दिसतं, विंडो मात्र गायब! यावर उपाय विंडोजमध्येच आहे. 'गेटविंडोप्लेसमेंट' हे फंक्शन वापरलं, की विंडो मिनिमाइझ असो वा मॅक्सिमाइझ, तिचा मूळचा आकार मिळतो. त्याचं जोडीदार 'सेटविंडोप्लेसमेंट' तर याहून समजूतदार आहे: जुनी जागा आता पूर्णपणे स्क्रीनबाहेर पडत असेल, तर ते आकडे बदलून विंडो दिसेल अशा ठिकाणी आणतं.

याची गरज दुसरा मॉनिटर जोडला की कळते. मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. त्याच्या डावीकडे 1920 पिक्सेल रुंदीचा मॉनिटर लावला, तर तिथले आडवे आकडे उणे 1920 पासून सुरू होतात. तो मॉनिटर काढून टाकला, तरी लिहून ठेवलेले आकडे तसेच राहतात. म्हणजे लक्षात ठेवणं सोपं आहे; लक्षात ठेवलेली जागा आज शिल्लक आहे का, हे तपासणं हेच खरं काम.

आणखी एक कारण आपल्याकडच्या विजेचं. बरेच प्रोग्राम हे आकडे फक्त बंद होताना लिहितात. भर दुपारी लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच म्हातारी झालेली, की बंद होण्याची ती वेळ प्रोग्रामला मिळतच नाही.

खुद्द विंडोजनेही स्मरणाच्या बाबतीत हात आखडता घेतला आहे. विंडोज एक्सपीत प्रत्येक फोल्डरच्या विंडोचा आकार वेगळा लक्षात राहायचा. 2009 मध्ये आलेल्या विंडोज 7 पासून ते गेलं. शेवटची फोल्डर-विंडो ज्या आकारात बंद केली, तोच आकार पुढच्या फोल्डरला. माझ्या मते एक्सपीची पद्धत जास्त चांगली होती. उलट विंडोज 11 मध्ये एक चांगली भर पडली: मॉनिटर काढून पुन्हा जोडला, की चालू असलेल्या विंडो आपापल्या जागी परत जातात. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली हा पर्याय सापडेल. लिनक्सवर विंडो स्क्रीनवर दाखवण्याचं काम पाहणाऱ्या वेलँड या व्यवस्थेने तर वेगळीच वाट धरली. तिथे साध्या प्रोग्रामला आपली विंडो स्क्रीनवर कुठे आहे हे कळतही नाही आणि ती कुठे उघडावी हे ठरवताही येत नाही.

हरवलेली विंडो परत आणायची असेल, तर टास्कबारवरून ती निवडा, ऑल्ट आणि स्पेसबार एकत्र दाबा, मग एम, मग कोणतीही एक बाणाची कळ. आता माउस हलवला की विंडो त्याला चिकटून येते. दोन मॉनिटर असतील तर विंडोजची कळ, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण पुरतो. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रन'समोर 'मॅक्सिमाइझ्ड' निवडण्याची सोयही आहे, पण कित्येक प्रोग्राम तिला जुमानत नाहीत.

बिलिंगचं सॉफ्टवेअर गावातल्याच कुणी बनवून दिलं असेल, तर त्याच्याकडून ही दुरुस्ती हक्काने मागून घ्या. आकडे बंद होतानाच नव्हे, तर विंडो हलवली की लगेच लिही, आणि उघडताना आधी मॉनिटर तपास, एवढं सांगितलं तरी त्याला कळेल. काम फार मोठं नाही.