केड्स कोव्हची ओंडक्यांची घरे : पार्श्वभूमी

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या या खोऱ्यात पहिले गोरे कुटुंब १८१८ मध्ये आले. इथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांनी ही जमीन तहाने सोडली ती त्यानंतर, १८१९ मध्ये. ‘पहिले वसाहतकार’ म्हणताना एवढा क्रम लक्षात ठेवलेला बरा.

‘केबिन’ या शब्दाने बराच घोळ केला आहे. सालासकट गोल ओंडके रचून घाईने उभारलेला तात्पुरता निवारा म्हणजे केबिन. आज जपलेली घरे बहुतेक त्या प्रकारची नाहीतच. त्यांचे ओंडके रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने दोन्ही बाजूंनी तासून सपाट केलेले असतात आणि कोपऱ्यावर अर्ध्या कबुतरशेपटीची खाच असते : वरची बाजू तिरकी, खालची सपाट. वरच्या ओंडक्यांच्या वजनानेच सांधा घट्ट बसतो, खिळा लागत नाही. एका खणाची, म्हणजे खोलीची, लांबी ओंडक्यावर ठरते. वीस फुटांपुढे तो उचलायला जड आणि टोकाकडे निमुळता होतो. मधल्या फटीत लाकडाच्या चिपा किंवा दगड बसवून वर चिखलाचे लिंपण. लाकूड सुकून आडवे आकसते, लिंपण सुटते, म्हणून ते पुन्हा पुन्हा भरावे लागते.

पाणचक्कीवर करवत आली आणि चिरलेली फळी मिळू लागली. १८७९ मध्ये खोऱ्यात पूर्ण फळ्यांचे घर उभे राहिले आणि पुढे तशी घरे वाढत गेली. म्हणजे विसाव्या शतकात इथली माणसे ओंडक्यांच्या जगात राहत नव्हती.

काय जपायचे याचा खरा वाद १९३४ मध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हापासूनचा. जमिनी घेतल्या गेल्या, काहींना हयातभर राहण्याची मुभा मिळाली. पुढे फळ्यांची अनेक घरे पाडली गेली आणि ओंडक्यांची ठेवली गेली. हेतू ‘पहाडी जीवन’ दाखवण्याचा होता. परिणामी शंभर वर्षांच्या वस्तीतून शेवटची साठ वर्षे जवळपास पुसली गेली. १९७७ मध्ये खोरे राष्ट्रीय वारसा यादीत गेले ते याच रूपात.

ओंडके उघडे दाखवण्याची हौस अमेरिकेच्या दक्षिणेत इतरत्रही घरांना बाधली. अनेक घरांवर बांधल्यावर लवकरच, कधी बांधतानाच, आडव्या फळ्या ठोकलेल्या असत. जीर्णोद्धारात त्या काढल्या की पावसाचा मारा थेट लिंपणावर. पाणी खालच्या ओंडक्याच्या माथ्यावर साचते आणि लाकूड आतून कुजते. सर्वांत आधी जातो तळाचा ओंडका, तोही दगडी टेकूभोवती माती चढून खालची हवा बंद झालेली असेल तेव्हा. तो बदलायचा तर भिंत जॅकने उचलावी लागते, एकेक कोपरा, थोडी थोडी. मूळ लाकूड चेस्टनटचे असेल तर तसेच मिळवणे महाकठीण : १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या बुरशीने ती झाडे संपवली, त्यामुळे जुन्या कोठाराचेच ओंडके शोधावे लागतात.